अक्काच्या पेशी

गंगम्माला आपल्या धाकट्या भावाच्या दोन शब्दांचा वीट आला होता. ते शब्द म्हणजे "बरं हाय." रोज सकाळी आठला ती लातूरहून फोन लावी, नांदेडला मल्लिनाथ तो उचली, आणि काहीही विचारलं तरी उत्तर एकच. जेवलास का? बरं हाय. ताप आला होता का? बरं हाय. एकदा चिडून तिनं विचारलं, तिकडं ऊन किती पडलंय, तर त्यालाही तो म्हणाला, बरं हाय.

बरं असायला काही कारण नव्हतं. नांदेडात भांड्यांचं दुकान चालवणारा, सत्तावन्न वर्षं कधी सलाईनची सुई न टोचून घेतलेला हा माणूस दिवाळीनंतर एकाएकी पांढराफटक पडला आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांच्या तीन फेऱ्या झाल्या. मग हैद्राबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की नुसत्या औषधानं हा जाणार नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी घालाव्या लागतील, आणि सख्ख्या भावंडाच्या जुळल्या तर सोन्याहून पिवळं. सख्खं भावंड एकच होतं. त्रेसष्ट वर्षांची गंगम्मा. वयाचं बघून डॉक्टर जरा घुटमळले, पण तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या आणि पेशी दहापैकी दहा जुळल्या. तिला पाच दिवस इंजेक्शनं दिली, हाडं नुसती ठणकली, आणि सहाव्या दिवशी दोन्ही हातांत नळ्या घालून तिला चार तास यंत्राशेजारी निजवलं. एका हातातून रक्त जायचं, यंत्र त्यातलं हवं ते काढून घ्यायचं, बाकीचं दुसऱ्या हातातून परत यायचं. शेवटी वर टांगलेल्या पिशवीत टमाट्याच्या सारासारखं काहीतरी जमलं. एवढंच? असं तिनं विचारलंही होतं.

त्या पिशवीला आता सत्तर दिवस झाले होते. हैद्राबादच्या डॉक्टरांनी तेव्हाच सगळ्यांना बसवून समजावलं होतं. पिशवीत नुसतं रक्त तयार करणारं बियाणं नाही, राखणदार पेशीही आहेत. आपलं कोण आणि परकं कोण, हे ओळखायचं त्यांचं काम. औषधांच्या तावडीतून सुटलेला कॅन्सर कुठं दडून बसला असेल तर या राखणदार पेशी त्याला हुडकून खातात, खरी मदार त्यांच्यावरच. पण त्यांना मल्लिनाथची कातडी, आतडी, लिव्हर हेही परकंच वाटू शकतं. म्हणून त्यांना जरा दाबून ठेवणारी गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यायची. थोडी कुरकुर झाली तरी घाबरायचं नाही, ती एका परीनं चांगलीच. पण अंगावर पुरळ आलं, जुलाब लागले, डोळे पिवळे दिसले, की त्याच दिवशी कळवायचं. आणि हसत हसत असंही ते बोलले होते, की लेकरं झालेल्या बाईच्या पेशी पुरुषाच्या अंगात जरा जास्तच कुरकुरतात. गंगम्माला तीन लेकरं. तिला ते बोलणं काही आवडलं नव्हतं.

तर बरं हाय, बरं हाय ऐकून कान किटले तेव्हा ती कुणाला न कळवता लातूरच्या स्टँडवर गेली आणि नांदेडच्या गाडीत बसली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. वैशाखातलं ऊन खिडकीच्या पत्र्यातून आत येत होतं. ती उदगीरची, लातूरला दिली, भाऊ धंद्यासाठी नांदेडला गेला. चाळीस वर्षांत या रस्त्यानं ती किती वेळा गेली याचा हिशेब नव्हता. आधी रस्त्याच्या दोन्ही अंगाला कडुलिंबं होती, त्यांच्या सावलीत गाडी थांबायची आणि कंडक्टर स्वतः उतरून म्हाताऱ्यांना पाणी आणून द्यायचा. रस्ता रुंद झाला तशी लिंबं गेली, आणि आताचा कंडक्टर तर तिकिटाशिवाय तोंडही उघडत नव्हता. रस्ताभर ती मनातल्या मनात भावाला झापत होती.

दारात मंजुश्रीनं तिला अडवलं. मंजुश्री म्हणजे मल्लिनाथची बायको. तिनं आधी साबणानं हात धुवायला लावले, तोंडाला पट्टी बांधायला दिली, चपला बाहेर काढायला लावल्या. हे ठीकच होतं. मल्लिनाथच्या अंगात जुनी ताकद उरली नव्हती आणि नवी अजून पुरती आली नव्हती. बारशाच्या लेकराला टोचतात त्या लशीसुद्धा त्याला पुढं परत टोचायच्या होत्या. पण मंजुश्री तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हती, ते काही ठीक नव्हतं.

आत मल्लिनाथ पलंगावर बसला होता. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, पायात मोजे. केस गेलेल्या डोक्यावर टोपी. तिला बघून त्याचा चेहरा खुलला आणि लगेच पडला.

"अक्का, फोन तरी करायचा."

"केला असता तर म्हणला असतास, बरं हाय."

तो हसला. आणि बायकोला खूण केली. मंजुश्रीनं कपाटातून नवी साडी आणली, खण आणला, नारळ आणला. गंगम्मानं कपाळावर हात मारून घेतला. पिशवी दिल्यापासूनची ही पाचवी साडी. कुणी ना कुणी लातूरकडं निघालं की त्याच्या हाती हा साडी पाठवायचा, आणि प्रत्येक वेळी तोच हळदी रंग. बहिणीनं भावाला काही द्यायचं नसतं, भावानं बहिणीला द्यायचं असतं. इथं सगळं उलटं झालं, म्हणून तो बिचारा साड्या लोटून लोटून ते सुलटं करायला बघत होता. तिनं एकदा फोनवर सांगितलं होतं, अरे, माझ्या कपाटात जागा न्हाई आता. तेव्हाही तो म्हणाला होता, बरं हाय.

त्या संध्याकाळी त्यानं भात चिवडल्यासारखा केला आणि आत निजायला गेला. तो किती वेळा उठला ते तिला कळलं नाही, प्रवासानं तिचा डोळा लागला होता. पण सकाळी पूजेच्या वेळी तिला जे दिसायचं ते दिसलं.

त्यांच्या घरात लहानपणापासूनची रीत. अंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची, गळ्यातलं इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं आणि नजर लावून बसायचं. मध्ये काही ठेवायचं नाही. मल्लिनाथला दीक्षा मिळाली तेव्हा तो आठ वर्षांचा होता, आणि लिंग तळहातावरून घसरेल या भीतीनं त्याचा हात थरथरला होता. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, खालून आपला हात धरला होता. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. हैद्राबादेत काचेच्या खोलीत एकटा होता तेव्हाही त्यानं डॉक्टरांशी हुज्जत घालून पूजा सोडली नव्हती. आणि आज त्याच्या तळहातावर चौपदरी घडी केलेला पांढरा रुमाल होता. रुमालावर लिंग.

पूजेत बोलायचं नसतं. त्याचं होईपर्यंत तिनं वाट बघितली, आणि लिंग परत गळ्यात गेल्याबरोबर त्याचं मनगट धरलं. त्यानं हात ओढला. तिनं सोडला नाही. रुमाल खाली पडला. तळहात उकडलेल्या बीटासारखा लाल होता आणि बोटांच्या टोकांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत होती. तिनं बाही वर केली. कोपरापर्यंत पुरळ. छातीवर पुरळ. मोजे काढायला लावले, तर तळपाय तसेच.

स्वयंपाकघराच्या दारात मंजुश्री पदर तोंडात कोंबून रडायला लागली. तिच्याकडून तुटक तुटक कळलं ते असं: आज नऊ दिवस झाले. आधी हात लाल झाले, मग जुलाब सुरू झाले, आता दिवसातून दहा-अकरा वेळा. पोटात मुरडा येतो तेव्हा उशी चावून पडतात. तिला त्यांनी आपल्या गळ्यातल्या लिंगाची शपथ घातली होती की अक्काला आणि डॉक्टरला सांगायचं नाही.

"कामून?" गंगम्मानं विचारलं. आवाज एवढा वर गेला की शेजारच्या गच्चीवर पापड घालणारी बाई वाकून बघायला लागली. "कामून सांगायचं न्हाई? जीव जायची वाट बघून राहिलास का?"

मल्लिनाथ खाली बघत बाहीची गुंडी लावत बसला. मग म्हणाला, "तू दिलेलं हाय ते, अक्का."

"मग?"

"बहिणीनं दिलेल्याला नाव ठेवायचं असतं का?"

गंगम्माला राग यायला पाहिजे होता आणि आलाही होता, पण त्याच्या आत जुनं काहीतरी हललं. तिचं लग्न झालं तेव्हा अप्पा लातूरला तिच्या घरी यायचे ते फिरकीच्या तांब्यात आपलं पाणी घेऊन. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. तिला पहिला मुलगा झाला तेव्हा कुठं ती बंदी उठली आणि ते पहिल्यांदा तिच्या हातचं जेवायला बसले, शेजारी पंधरा वर्षांचा मल्लिनाथ. घाईत वरणात मीठ टाकायचं राहून गेलं होतं. अप्पा मुकाट जेवत होते. मल्लिनाथ म्हणाला, अक्का, मीठ न्हाई. अप्पांनी भरल्या पंगतीत त्याच्या थोबाडीत दिली. लेकीच्या हातचं खायला मिळालं हेच जास्त, त्याला नाव ठेवतोस? त्यानं नंतर आयुष्यात कधी तिच्या कुठल्याही गोष्टीला नाव ठेवलं नाही. तिनं निवडलेला पंखा दोन महिन्यांत बंद पडला तरी चांगला. तिनं सुचवलेलं स्थळ मोडलं तरी चांगलं. अप्पा जाऊन बावीस वर्षं झाली, आणि ती थोबाडीत अजून लागतेच आहे.

"अरे, ते वरण होतं," ती म्हणाली. "हे तुझं आतडं हाय."

रिक्षा बोलावली. हैद्राबादच्या डॉक्टरांनी मधल्या तपासण्यांसाठी नांदेडातल्या ज्या डॉक्टरबाईंकडं सोपवलं होतं त्यांचं नाव डॉक्टर आरती. किनवटकडच्या, वसतिगृहात राहून शिकलेल्या, पस्तिशीच्या आतल्या. त्यांनी मल्लिनाथला बघितलं, तळहात बघितले, आणि त्यांचा चेहरा एकदम कामाचा झाला. किती दिवस? किती वेळा? पाण्यासारखे का रक्त पडतं? पोटात कुठं दुखतं?

"बरं हाय," मल्लिनाथ म्हणाला.

गंगम्मानं डोळे मिटून घेतले.

डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. कातडी डोळ्याला दिसते, पण आतड्याचं त्यांना त्याच्या तोंडूनच कळणार. किती वेळा आणि किती, यावर ठरणार होतं की कुठलं औषध, किती मोठ्या डोसनं. कमी दिलं तर आतडं सोलून निघेल. जास्त दिलं तर राखणदार पेशी पार झोपतील, कॅन्सरला रान मोकळं होईल आणि साधा सर्दी-खोकलासुद्धा जिवावर बेतेल. अंदाजानं करायचं हे काम नाही. त्यांना अजून एक गोष्ट समजत नव्हती. गोळी नीट चालू असताना एवढं भडकायला नको होतं. रक्तातलं गोळीचं प्रमाण तपासायला दिलंय, पण रिपोर्ट उद्या येईल. गोळ्या वेळेवर घेता ना?

"हाव," मल्लिनाथ म्हणाला.

"जुलाब किती?"

"तीन-चार."

मंजुश्री फरशीकडं बघत होती. नवऱ्यानं लिंगाची शपथ घातली होती. बहिणीपुढं एकदा मोडली, परक्यापुढं दुसऱ्यांदा मोडायची तिची छाती नव्हती. गंगम्मानं सांगितलं, अकरा. डॉक्टरबाईंनी मल्लिनाथकडं बघितलं. तो सभ्यपणे हसला.

मग गंगम्मानं आपल्या परीनं समजुतीचा घाट घातला. तिनं डॉक्टरबाईंना विचारलं, आता याच्या अंगातलं रक्त कुणाचं? बाई म्हणाल्या, पूर्ण तुमच्या पेशींतून तयार झालेलं. त्याचा रक्तगट बी होता, तो आता तुमच्यासारखा ओ झालाय. तपासलं तर बाईचं रक्त म्हणून येईल. पण राहतंय त्यांच्या अंगात, म्हणजे आता त्यांचंच.

"ऐकलंस?" गंगम्मा भावाला म्हणाली. "तुझंच हाय ते आता. माझा काय संबंध? आपल्या घरातल्याला माणूस नाव ठेवतोच की."

मल्लिनाथनं मान डोलावली. पटल्यासारखी. "बरं हाय," तो म्हणाला.

तेव्हा मात्र गंगम्माच्या रागानं वाट सोडली. तिनं खुर्ची डॉक्टरबाईंकडं ओढली आणि मल्लिनाथ तिथं नसल्यासारखी त्याच्याबद्दल बोलायला लागली. म्हणाली, डॉक्टरबाई, याच्यावर इश्वास ठेवू नका. हा लहानपणापासून लबाड. सातवीत दोनदा नापास झाला आणि घरी सांगितलं पास झालो.

मल्लिनाथची मान वर आली. "एकदाच," तो म्हणाला.

"दोनदा."

"एकदा. आणि तेबी तुझ्यामुळं. अक्काला लई वाढवून सांगायची सवय हाय, डॉक्टर."

मंजुश्रीनं पदर तोंडातून काढला. गंगम्माला कळलं की बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा याच्या तोंडून तिच्याविरुद्ध शब्द निघाला आहे, आणि दोरा सापडला तर सोडायचा नाही. ती आणखी वरच्या पट्टीत बोलली. माझ्यामुळं कसा? मी तर तुला पाढे शिकवले.

"शिकवले? गोवर आला होता आपल्या दोघांना, तू बरी झालीस आणि माझी पाटी घेऊन शाळेत गेलीस. मी पंधरा दिवस मागं पडलो. ते कधी भरून निघालं न्हाई." त्याचा आवाज बारीक होता पण थांबत नव्हता. "आणि ती इंजेक्शनं घेतली तेव्हा हाडं दुखतात म्हणून तू रोज फोनवर रडायचीस, मग मी काय म्हणायचं होतं? मला दुखतंय म्हणायचं? कुठल्या तोंडानं? माझं पोट आतून कुणी चिमट्यानं ओढल्यासारखं होतंय नऊ दिवस. अकरा वेळा न्हाई, काल तेरा वेळा गेलो. पाण्यासारखं. परवापासून लाल पडतंय. हात धुतले तर आग होती. देवाला हातावर घेता येईना, डॉक्टर, रुमाल ठेवावा लागला. तेवढं कधी झालं न्हवतं."

डॉक्टर आरती लिहीत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "आणि गोळी?"

मल्लिनाथ थांबला. बहिणीकडं बघितलं.

"सांग की," गंगम्मा म्हणाली. "का तेबी माझ्यामुळं?"

"तुझ्यामुळंच," तो म्हणाला. "गोळी कशासाठी, तर म्हणे अक्काच्या पेशी दाबायला. तू एवढं हाडं दुखवून दिलंस आणि मी ते गोळी खाऊन दाबायचं? पटेना. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं, कुरकुर चांगली असती म्हणून. मी म्हणलं, जेवढी कुरकुर तेवढा कॅन्सर मरंल. वीस-बावीस दिवस झाले, संध्याकाळची घेत न्हाई. डब्यात हायत सगळ्या."

रोज संध्याकाळी गोळी आणि पाण्याचा पेला मंजुश्रीच त्याच्या हातात ठेवत आली होती.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हे आधी कळलं नसतं तर गोळी लागू पडत नाही असं समजून त्यांनी भलतंच जालीम औषध काढलं असतं. आता निदान कुठून सुरुवात करायची ते कळलं. लगेच दाखल व्हायचं, आजपासून इंजेक्शन सुरू, गोळी पूर्ण, बाकी तोंडानं काही नाही. हैद्राबादशी त्या आत्ता बोलतील. तीन दिवसांत जुलाब उतरले तर आपण वेळेत आलो. नाही उतरले तर हैद्राबादला न्यावं लागेल, आणि मग त्यांनाही काही खात्रीनं सांगता येणार नाही.

एवढं सांगून त्या फोन लावायला बाहेर गेल्या. मंजुश्री कागद भरायला खिडकीवर गेली. खोलीत भाऊ-बहीण राहिले. नऊ दिवस. बावीस दिवस. तिला वाटलं होतं की ती त्याला आता झोडपेल, पण तिनं त्याची कलंडलेली टोपी सरळ केली.

ढकलखुर्ची आली. वॉर्डबॉयनं त्याला बसवलं, पायावर चादर टाकली. मल्लिनाथ अजून थांबला नव्हता. बांध फुटल्यासारखं त्याला एकामागून एक आठवत होतं. पंखा भिकार होता. हळदी रंगाच्या साड्या तिनं कधी नेसल्याच नाहीत, एक तरी फोटो पाठवायचा. तिच्या लग्नात त्याला दिवसभर पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं, आणि पंगतीत बसला तेव्हा जिलब्या संपल्या होत्या.

"संपल्या न्हवत्या," गंगम्मा खुर्चीच्या बाजूनं चालत म्हणाली. "तू आधीच आत जाऊन खाल्ल्यास. अव्वानं बघितलं होतं."

"अव्वा खोटं बोलली."

"मेलेल्या आईला खोटं पाडतोस?"

"तुमची दोघींची मिलीभगत होती," मल्लिनाथ म्हणाला, आणि पोटातली कळ आली तसा वाकला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. कळ गेली. त्यानं श्वास घेतला आणि मान वर केली.

"अजून सांगू?"

"सांग," ती म्हणाली. "पण आधी दुखतंय कुठं ते दाखव. नेमकं."

त्यानं बेंबीच्या डावीकडं बोट ठेवलं. तिनं पुढं चालणाऱ्या सिस्टरला हाक मारली आणि ते लिहून घ्यायला लावलं.